ट्रक निघाले गाडीत बसून

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, डोंगर पोखरत ७४१ किलोमीटर. पुढच्याच वर्षी रो-रो सेवा आली. कोलाडला भरलेला ट्रक सपाट वाघिणीवर चढतो, चालक केबिनमध्येच पाय ताणून देतो, आणि ट्रक उतरतो तो गोव्यात, वेर्ण्याला. कल्पना फक्कड, डिझेलही वाचते. मधल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या वाट्याला मात्र भोंगा. ‘गाडी नसती तर चाकरमानी गणपतीला कसे आले असते?’ रास्त प्रश्न. पण रुळांनी मुंबई जवळ आणली, मुंबईचा पगार नाही. म्हणून तर चाकरमानी. हापूस देवगडात पिकतो, भाव वाशीत ठरतो. स्टेशनाजवळ शीतगृहे, प्रक्रिया उद्योग पुरेसे असते तर वाघिणीवर आपलाही माल दिसला असता. तोवर भोंग्यावर घड्याळ लावावे, अर्थात गाडी वेळेवर असेल त्या दिवशी.