घोडं कुठे पेंड खातंय? : आयात पिस्तुलाची वाट पाहण्याचा शास्त्रोक्त विधी

मुंबईच्या टपोरी भाषेत पिस्तुलाला घोडा म्हणतात. ज्यानं हा शब्द पाडला त्यानं एकदा तरी परदेशातून पिस्तूल मागवलेलं असणार. हे घोडं वाटेत पेंड खायला थांबलं की हलायचं नाव घेत नाही. मी ओहायोत राहतो आणि मला जुनी पिस्तुलं जमवण्याचा नाद आहे. नाद मोठा, पिस्तुलं मोजकीच. २०२१ च्या गुढीपाडव्याला मागवलेलं एक रुमानियन टोकारेव तुळशीचं लग्न लागून गेल्यावर माझ्या हाती पडलं. मधल्या सात महिन्यांत जे ज्ञान झालं ते इच्छुकांच्या उपयोगी पडावं म्हणून देत आहे. फळाची हमी नाही.

व्रत धरायचं तर आधी अधिकार हवा. जुन्या शस्त्रांचा संग्राहक म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारचा एक वेगळा परवाना मिळतो. तीन वर्षांचे ३० डॉलर, आणि अर्जाची एक प्रत गावच्या पोलीसप्रमुखाला. हा परवाना असला की ५० वर्षांहून जुनं, मूळ स्वरूपातलं हत्यार परराज्यातल्या विक्रेत्याकडून थेट घरच्या पत्त्यावर मागवता येतं. त्या बदल्यात सरकार एकच मागतं: वही. तारीख, कारखाना, मॉडेल, क्रमांक, कॅलिबर, कोणाकडून घेतलं, हे सगळं माल हाती आल्यावर पुढच्या कामाच्या दिवशी, कचेऱ्या बंद व्हायच्या आत, लिहून झालं पाहिजे. मी सांगलीहून आणलेली लाल कापडी पुठ्ठ्याची लांब चोपडी काढली, पट्टीनं रकाने आखले, वर 'श्री' घातलं. शेजारी एक नवं कोरं काळं जेल पेन ठेवलं आणि त्याला कोणी हात लावायचा नाही अशी घरात ताकीद दिली.

मग मागणी. आयातदाराच्या वेबसाइटवर चित्राखाली लिहिलेलं असतं, 'दोन ते तीन आठवड्यांत रवाना'. वाण्याच्या दुकानात 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी लहानपणी आपण वाचलेली असते. दोन्ही पाट्या एकाच वंशातल्या आहेत, हे ध्यानात ठेवावं.

मागणी नोंदवतानाच ते आणखी वीस डॉलर मागतात. तेवढे दिले की गोदामातला माणूस ढिगातून त्यातल्या त्यात बरं पिस्तूल निवडून देतो. मंडईत आंबे घेताना 'भाऊ, जरा बघून द्या' हे आपण फुकट म्हणतो, इथे त्याचे पैसे पडतात. तरी द्यावेत. 'आपलं निवडायला वेळ लागत असेल' या समाधानावर पहिले सहा आठवडे आरामात निघतात.

सातव्या आठवड्यात फोन करावा. पलीकडून अत्यंत गोड आवाजात 'काम चालू आहे' असं उत्तर येईल. हा आवाज मला ओळखीचा वाटला आणि मग आठवलं, हा तर आमच्या सांगलीच्या शिंप्याचा आवाज! दिवाळी चार दिवसांवर आली की तो म्हणायचा, "झालंच आहे, फक्त काज-बटण राहिलंय." मागच्या फळीवर आमचं कापड बाबांच्या नावाची चिठ्ठी टाचून, न कापलेलं, जसंच्या तसं दिसत असायचं. शिंप्याचा गुण एवढाच की खोटं बोलताना तो खाली मान घालून मशीन चालवायचा.

आता घोडं खरोखर कुठे अडतं ते पाहू. हे शास्त्र रंजक आहे आणि वाट पाहणाऱ्याला वेळही भरपूर असतो.

१९६८ साली अमेरिकेनं शस्त्रांचा मोठा कायदा केला आणि परदेशी लष्करांची जुनी हत्यारं देशात आणायला बंदी घातली. १९८४ मध्ये संग्राह्य वस्तूंपुरतं दार किलकिलं झालं. तरीही आयातदाराला आधी अर्ज करावा लागतो. त्याचं नाव 'फॉर्म ६', आणि मंजूर झाला तर मुदत २४ महिने. मुदतच २४ महिन्यांची असते, यावरून समंजस माणसानं काय ते समजावं. हे अर्ज तपासणारी शाखा वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला आहे आणि पत्ता आहे २४४, नीडी रोड. म्हणजे गरजूंचा रस्ता. मी हा पत्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा हात जोडले. त्या कचेरीबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या आयातदारानं अर्ज धाडलाच केव्हा, हा प्रश्न तेवढा उरतो.

त्याहून गोड भाग खटक्याचा. परदेशी पिस्तूल आणायचं तर ते खेळाच्या उपयोगाचं आहे असं दिसावं लागतं, आणि त्याला हातानं लावायचा सेफ्टीचा खटका असावाच लागतो. टोकारेवला तो कधीच नव्हता. घोडा, म्हणजे इथे मागची हातोडी, अर्धा ओढून ठेवायचा, हीच त्याची सेफ्टी. त्यामुळे १९५३ सालच्या अस्सल पिस्तुलाला भोक पाडून एक परका खटका ठोकतात आणि मगच त्याला प्रवेश मिळतो. संग्राहकाला वस्तू मूळ रूपात हवी, आयातीच्या नियमाला खटका हवा. आणि दोघंही कायद्याला धरून! नाकात चमकी घातल्याशिवाय मांडवात येऊ देणार नाही असं नवरदेवाला सांगावं, तशातला प्रकार. या पिस्तुलाचा कर्ता टोकारेव म्हातारा वारला तोही १९६८ सालीच, कायद्यावर सही व्हायच्या साडेचार महिने आधी. सुटला.

याच कायद्याच्या गुणपत्रिकेत जेम्स बाँडचं पिस्तूलसुद्धा नापास झालं. नव्यानं आयात होणाऱ्या पिस्तुलाला लांबी, वजन, कॅलिबर, सेफ्टी वगैरेंचे मिळून ७५ गुण लागतात. शिवाय उंची किमान चार इंच हवी. वॉल्थर पीपीके थोडक्यात बुटकं ठरलं. मग जर्मनांनी थोरल्या भावाचं, म्हणजे पीपीचं, धड घेतलं, त्यावर पीपीकेचं डोकं बसवलं आणि पीपीके/एस नावानं अमेरिकेत धाडलं. आमच्याकडे हा प्रयोग कैलासावर फार पूर्वी होऊन गेला आहे आणि त्याची आरतीही होते.

जहाज किनाऱ्याला लागलं तरी वाट संपत नाही. जकातीचे वेगळे कागद असतात. मग प्रत्येक पिस्तुलावर आयातदाराचं नाव, गाव, राज्य कोरावं लागतं, तेही किमान ०.००३ इंच खोल. नाजूक हाताचे आयातदार हे काम नळीखाली, सहज दिसणार नाही असं करतात. बाकीचे लोक भांड्यावर नाव घालणाऱ्याच्या उत्साहानं करतात. लग्नातल्या पातेल्यावर 'मामा-मामींकडून सप्रेम' असतं तसं.

कारणांबद्दल एक सूचना. जूनमध्ये मी तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा सुएझचं कारण मिळालं. मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज त्या कालव्यात सहा दिवस आडवं पडलं होतं, त्यामुळे सगळं मागे पडलं म्हणे. मी हळहळून फोन ठेवला. रात्री मुलाचा नकाशा काढला. रुमानियाचं बंदर कोन्स्तान्त्सा, काळ्या समुद्रावर. तिथून निघालेलं जहाज बॉस्फरसमधून भूमध्य समुद्रात, मग जिब्राल्टर, मग अटलांटिक. सुएझ डाव्या हाताला कुठेतरी लांब राहतं. पुण्याहून मुंबईला निघालेल्या माणसानं वरंध घाटात दरड कोसळली म्हणून उशीर झाला असं सांगण्यापैकी हे झालं. पण फोनवर चूक दुरुस्त करू नये. मी केली. पुढच्या वेळी त्यांनी तपासता न येणारं कारण दिलं: गोदामातला तो निवड करणारा माणूस रजेवर आहे.

मधून मधून पत्रं येतात. 'आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत' अशी सुरुवात असते. संयम मी दिलेला नव्हता, त्यांनी तो परस्पर घेतला होता.

वाट पाहताना पूरक खरेदी करू नये, असं शास्त्र सांगतं आणि ते कोणी पाळत नाही. मी कातडी म्यान घेतलं, ते पिस्तुलासोबत फुकट येणार होतंच. साफ करायची सळई घेतली, तीही येणार होती. ७.६२ × २५ ची काडतुसं शोधली. २०२१ मध्ये अमेरिकेत काडतुसांचा असा दुष्काळ होता की दोन डबे मिळाले तेव्हा मी बायकोला ते केशराच्या डबीसारखे उघडून दाखवले. ऑगस्टपर्यंत सामानाचा खर्च पिस्तुलाच्या किमतीच्या पुढे गेला. "वरातीच्या आधी घोड्याचा खरारा," एवढंच ती म्हणाली.

कुटुंबीयांना किती सांगायचं हे आधी ठरवावं. आई सांगलीहून दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. फोनवर 'पिस्तूल' म्हणायचं नाही, कोण ऐकत असतं कोणास ठाऊक, असा तिचा नियम. म्हणून ती आवाज खाली आणून विचारायची, "आलं का रे ते?" आणि मागून बाबा मोठ्यानं, "काय, पिस्तूल ना?" सप्टेंबरमध्ये तिनं प्रश्न बदलला. "पैसे तरी परत देतात का रे ते लोक?"

देतात. तेच तर खरं संकट. 'हवं तर मागणी रद्द करा, पूर्ण पैसे परत' हे पत्र ऑगस्टच्या अखेरीस आलं आणि दोन रात्री मला झोप नव्हती. रद्द करावं आणि दुसऱ्याच दिवशी माल पोचावा, हे भय बस थांब्यावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. अर्धा तास उभं राहून रिक्षा केली की मागून बस येतेच. रांगेतला आपला नंबर जितका जुना होतो तितका तो सोडवत नाही. आयातदाराचा सगळा धंदा त्या जुन्या नंबरावर चालतो, असं माझं मत बनलं आहे.

माझी इच्छा अशी होती की खंडेनवमीला पूजेत ते असावं. ऑक्टोबर उजाडला. पाटावर स्क्रू ड्रायव्हरचा संच, बायकोची शिवणाची कात्री, मुलाचा लॅपटॉप आणि मधोमध, छापून काढलेली मागणीची पावती. पावतीला हळदकुंकू वाहिलं. मुलानं विचारलं, "बाबा, ऑर्डर नंबर हे शस्त्र आहे का?" त्याला झेंडूचं फूल वाहायला सांगितलं.

त्या रात्री पावतीकडे पाहताना एक गोष्ट सुचली, ती नवसाधकांना उपयोगी पडेल. हे पिस्तूल १९५३ मध्ये रुमानियातल्या कुजीरच्या कारखान्यात बनलं. मग त्याला घट्ट ग्रीस फासलं, कागदात गुंडाळलं आणि कोठारात ठेवलं, युद्ध होईल तेव्हा काढू म्हणून. ते युद्ध झालं नाही. देशाची राजवट १९८९ मध्ये कोसळली तरी पिस्तूल आपलं ग्रीसमध्येच. अडुसष्ट वर्षं वाट पाहण्याचा अनुभव असलेल्या वस्तूची आपण सात महिने वाट पाहतो आणि हातपाय आपटतो. विचार चांगला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा फोन केलाच.

आता आगमन. पाकीट २१ वर्षांवरच्या माणसाच्या सहीशिवाय दारात ठेवत नाहीत. एप्रिलपासून मी घरूनच काम करत होतो, खिडकीशेजारी, रस्त्याकडे तोंड करून. नोव्हेंबरात तुळशीच्या लग्नासाठी ऊस आणायला आम्ही दोघं पंचवीस मिनिटं बाहेर गेलो. परत आलो तर दारावर पिवळी चिठ्ठी, 'येऊन गेलो'. घरात सोळा वर्षांचा मुलगा होता. "मी दार उघडलं बाबा, पण तो म्हणाला, मोठं कोणी आहे का." म्हणून नियम: शेवटच्या महिन्यात ऊस मित्राकडून मागवावा.

दोन दिवसांनी डेपोत जाऊन पाकीट घेतलं. उघडल्याबरोबर ग्रीसचा उग्र वास आला, जुन्या एसटी गॅरेजचा. आत पिस्तूल, दोन मॅगझिनं, म्यान, सळई. परका खटका तिथे होताच, डाव्या बाजूला, जावयासारखा. आयातदाराचं नाव ठसठशीत. 'निवडून दिलेल्या' माझ्या पिस्तुलाच्या मुठीला कोपऱ्यावर टवका होता, आणि एका मॅगझिनवरचा क्रमांक पिस्तुलाशी जुळत नव्हता. कळवलं. उत्तर तासाभरात आलं, सात महिन्यांतलं सगळ्यात जलद: योग्य मॅगझिन दोन ते तीन आठवड्यांत धाडू.

नोंद करायला दुसऱ्या दिवशीपर्यंतच वेळ. हात धुतले, ग्रीस काही जाईना. चोपडी उघडली, 'श्री'खालचा पहिला रकाना काढला आणि राखून ठेवलेलं जेल पेन टेकवलं. कागदावर नुसता ओरखडा उठला. झटकलं, तळव्यावर घासलं, फुंकर मारली. वाळलं होतं. बायकोनं फ्रीजला चिकटवलेल्या वाणसामानाच्या यादीजवळचं पेन काढून दिलं, दोऱ्यासकट.