पीपीसीवाले काका

भोसरी, निगडी, चिखली, चाकण या पट्ट्यात दातांचा दवाखाना दर दुसऱ्या चौकात आहे. बोर्डावर नाव डॉक्टर मॅडमचं, पण आत शिरल्यावर गाठ पडते ती काकांशी. हे काका मॅडमचे सासरे असतात, नाहीतर मामा. उमेदीची सगळी वर्षं कंपनीत, तीही पीपीसीत, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये गेलेली. व्हीआरएसच्या पैशांतून डेंटल चेअर आलेली असल्यामुळे ती पाच मिनिटं रिकामी दिसली तरी ‘मशीन आयडल’ म्हणून त्यांचा जीव खालीवर होतो. घरचा माणूस म्हणून पगार नाही, आणि पगारच नाही म्हणून राजीनामाही देता येत नाही.

आल्या आल्या काकांनी दवाखान्यात फाइव्ह-एस राबवलं. कपाटांना लेबलं लागली, कापसाच्या बोळ्यांना बिनकार्ड आलं, तोवर ठीक होतं. मग त्यांनी शॉपमध्ये असतो तसा शॅडो बोर्ड केला. पिवळ्या फळीवर दात काढायच्या प्रत्येक पकडीची काळी आकृती. पक्कड जागेवर नसली की लगेच कळावं. ऑटोक्लेव्हमधून निघालेली हत्यारं भिंतीवर टांगायची नसतात, हे मॅडमनी शांतपणे समजावलं. पण तोवर फळी बाकड्यासमोर दोन दिवस लटकली होती, आणि त्या आकृत्या पाहून ‘एटीएममधून पैसे घेऊन येतो’ म्हणून गेलेले पेशंट अजून येताहेत.

तरी काकांना हसण्याआधी त्यांची डायरी बघावी. नवा पेशंट आला की ते नाव नंतर विचारतात, आधी “शिफ्ट कुठली?” फर्स्टवाल्याला संध्याकाळी पाच. सेकंडवाल्याला सकाळी दहा. थर्डवाल्याला सकाळची वेळ चुकूनही नाही; रात्रभर जागलेला माणूस खुर्ची आडवी झाली की घोरायला लागतो, आणि झोपेत तोंड मिटतं तेव्हा मॅडमचं बोट आत असतं. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची, म्हणून गुरुवारी दवाखान्यात जत्रा. त्या दिवशी डबा खायला मॅडमना साडेसात मिनिटं मिळतात. पैशांचं कॅलेंडरही काकांना पाठ आहे. कॅप पगारानंतर, पोरीच्या दातांच्या तारा दिवाळी बोनसवर, आणि इम्प्लांट युनियनचा करार झाल्यावर. करार अडला की काकांचं तोंड व्यवस्थापनापेक्षा लांब होतं.

चाकणकडून गुंठामंत्री येतात त्यांची तऱ्हा वेगळी. आंबेठाण चौकात अडकून तासभर उशीर, गळ्यात साखळी, मागे चार पोरं. सातबाऱ्याच्या भांडणात न डगमगणारा हा गडी सुई दिसली की घासाघिशीवर उतरतो. “दोन दाढा एकदम काढल्या तर काय लावाल?” काका लेखी कोटेशन देतात.

मेडिक्लेमचा प्रश्न तर रोजचाच.

“काका, मेडिक्लेममध्ये बसवा की.”

“अपघातात दात पडला असता तर बघितलं असतं. किडलेल्याला नाही मिळत.”

“मग अपघात लिहा. कीड आडवी आली म्हणा.”

काकांचा आवाज खाली येतो तो फक्त ठेकेदाराकडच्या पोरांपुढे. बावीस वर्षांचा मुलगा, वाचण्यासारखी दाढ, आणि म्हणतो, “उपटून टाका.” रूट कॅनॉलच्या तीन खेपा म्हणजे तीन खाडे, आणि एवढे खाडे झाले तर ठेकेदार दुसरा माणूस उभा करतो. हे गणित काकांनी गेटच्या आतून अनेकदा पाहिलंय. ते डायरी उलटीसुलटी करून रात्री नऊनंतरची वेळ काढतात, पैसे तीन पगारांत वाटून देतात. एक्स-रेचे पैसे लावतच नाहीत. महिनाअखेरीच्या हिशोबात तो ‘रिजेक्शन’ म्हणून दाखवतात. मॅडमना हे माहीत आहे. एवढं रिजेक्शन येतं कुठून, असं त्या कधी विचारत नाहीत.

काकांचा खरा वैरी म्हणजे अर्ध्या रूट कॅनॉलचा पेशंट. पहिल्या खेपेत ठणका थांबला की हा गायब. मग व्हेंडरच्या मागे लागावं तसे काका फोनवर मागे लागतात.

“भाऊ, आत तात्पुरतं सिमेंट आहे. ते निघालं की पुन्हा बोंबलाल.”

“पण आता दुखत नाही ना काका.”

“तुमच्या प्रेसचा आवाज एकाएकी बंद झाला तर ती दुरुस्त झाली म्हणता का?”

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, “गुरुवारी येतो.”

“कुठल्या?”

आणि भाऊ खरंच येतात. सोबत बायको, दोन पोरं आणि म्हातारी आई. “आधी आईचं बघा,” म्हणत तिला खुर्चीत बसवतात आणि स्वतः चपलांपाशी उभे राहतात. मॅडम आजींना आ करायला लावतात. तोंडात एकही दात नाही. कवळी घरी राहिलीय, असं आजी सांगतात. काका डायरीत आजींच्या नावापुढे ‘ओके’ लिहितात आणि दाराला आतून कडी घालतात.