आधी वही मागा

भिलाईत गणिताची शिकवणी सुरू करायला बी.एड. लागत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पात्रता ठरवली ती पहिली ते आठवीच्या शाळाशिक्षकांची, आणि त्याच कायद्याच्या कलम २८ने त्यांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई केली. जानेवारी २०२४मध्ये केंद्राने कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शिकवणारा निदान पदवीधर असावा, असं त्यात आहे. पण त्या पन्नासहून जास्त मुलांच्या सेंटरसाठी. सेक्टरमधल्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत सात-आठ मुलं घेऊन बसलेल्या ‘भैया’ला कोणी काही विचारत नाही.

त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही याबद्दल माझी तक्रार नाही. याच छत्तीसगडात प्राथमिक शाळांवर नेमलेल्या अडीच हजारांहून जास्त बी.एड. शिक्षकांच्या नोकऱ्या २०२४ संपता संपता गेल्या. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३मध्येच सांगितलं होतं की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता नव्हे. त्या उमेदवारांचे हाल झाले, सरकारने त्यांना आधी नेमायलाच नको होतं. पण निकालातला मुद्दा मला पूर्ण पटतो: लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कसब आहे.

भिलाईच्या शिकवण्यांत नेमकं हेच विसरलं जातं. पोलाद कारखान्याचं गाव, घरोघरी इंजिनियर. मास्तर निवडताना पालक विचारतात, जेईईत रँक किती होती? सहावीतल्या मुलाला त्या रँकचा काय उपयोग? ते मूल १/२ आणि १/३ची बेरीज २/५ लिहितं. भैया फुली मारतो, लसावि काढून दाखवतो, पुढचं गणित घेतो. मूल रीत पाठ करतं आणि महिन्याभराने पुन्हा २/५ लिहितं.

त्याला एवढंच विचारायला हवं होतं: २/५ मोठा की १/२? अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं? इथे मूल थांबतं आणि विचार करू लागतं. वरचे अंक वर, खालचे खाली मिळवायचे, हा त्याने स्वतः बनवलेला नियम होता. तो त्याच्याच हातून मोडला पाहिजे.

वजाबाकी कच्ची असेल तर देवळालीच्या शाळेतल्या कापरेकर मास्तरांची युक्ती घ्या. चार अंकी संख्या निवडा, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच; उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावून चार अंक करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. हातच्याच्या इतक्या वजाबाक्या मूल एरवी रडत करतं, इथे हट्टाने करतं.

ज्यांना शिकवणी सुरू करायची आहे त्यांनी खुशाल करावी. पण पहिल्याच दिवशी धडा उघडू नका. मुलाची गेल्या वर्षीची वही मागून घ्या, तिच्यातल्या चुका बघा आणि प्रत्येक चुकीमागे मुलाने काय विचार केला असेल ते त्यालाच विचारा. पालकांनो, मास्तर ठरवताना तुम्हीही रँक विचारू नका. तीच वही त्याच्यापुढे ठेवा.