भाऊजींचा पलिता तेवढा आवरा

अहो वहिनी, जरा गडग्याशी या बघू. तिकडून नको, बेड्याच्या बाजूने या. त्या कोपऱ्यात आमच्या न्हाणीघराच्या भिंतीत गांधीलमाश्यांनी बस्तान बसवलंय, आणि त्याबद्दलच बोलायचंय. भाऊजी कुठे आहेत? मागीलदारी? मग हळूच बोलते.

काल तिन्हीसांजेला आले होते ना आमच्याकडे. काठीला फडकी गुंडाळलेली, हातात पेट्रोलची बाटली. ‘वहिनी, पाच मिनिटांचं काम, आत्ता धूर करतो यांचा.’ मी चहा पाजला, इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या आणि परत पाठवलं. पण डोक्यातून गेलेलं नाही त्यांच्या. आज गिरणीत म्हणे सांगत होते, एवढ्याशा माशीला काय भ्यायचं! दळण घरी यायच्या आधी मला कळलं. राग नाही हो, त्यांचा जीव आहे आमच्या ह्यांच्यावर. पण तुम्हीच सांगा, वर जुने वासे, सुकलेल्या रिपा, शेजारी गोठ्यात पेंढा रचलेला. तिथे पलिता फिरवायचा? माश्या राहतील बाजूला आणि आम्ही दोन्ही घरं उघड्यावर येऊ. पेटलेल्या पोळ्यातून ज्या सुटतील त्या काय भाऊजींना नमस्कार करून जाणार आहेत? एक चिरडली की तिच्या विषाच्या वासाने बाकीच्या खवळतात. आणि मधमाशीसारखं नव्हे, की एकदा डंख मारला, काटा तिथेच राहिला आणि ती मेली. ही डंख मारते, काढून घेते, परत मारते.

तुम्ही म्हणाल, गांधील कुणाला चावत नाही? मला लहानपणी पाच-सहा ठिकाणी चावल्यात. सुजलं, ठणकलं, दोन दिवसांत उतरलं. ह्यांचं तसं नाही. गेल्या वर्षी लाकडं काढताना मानेवर चावली. तुम्ही तेव्हा लेकीकडे मुंबईला होतात. आधी म्हणाले, तळहाताला खाज सुटल्ये. बघते तर अंगभर गांधी उठलेल्या, ओठ सुजलेला, बोलणं जड. मग ओकारी, आणि ‘डोळ्यांपुढे अंधारी येत्ये’ म्हणून पायरीवरच बसले. वाडी गोळा झाली. एकाने सुरी आणली लोखंड घासायला, एकीने चुना, एक कांदा चिरून आला. ‘मंत्र टाकणाऱ्याला बोलवा’ असंही कुणी म्हणालं. दंशावर काय फासायचं यावर चर्चा, आणि माणूस श्वासाला लागलेला! वर त्याला काखेत धरून उभं केलं आणि चालवत रिक्षात नेऊन बसवलं. ते सर्वांत वाईट, हे मागाहून डॉक्टरांनी सांगितलं. रक्तदाब असा कोसळलेला असताना उभं करायचंच नसतं. आडवं निजवायचं, पाय उशीवर उंच. दम लागत असेल तर टेकून बसवायचं, पण चालवायचं नाही.

दवाखान्यात मांडीत एक इंजेक्शन दिलं हो, अ‍ॅड्रेनलिनचं. थोड्या वेळात माणूस मला ‘पाणी दे’ म्हणाला. तरी रात्रभर ठेवून घेतलं, कारण बरं वाटल्यावर काही तासांनी परत उलटू शकतं.

तेव्हापासून ते औषध घरात असतं. परदेशात पेनासारखं मिळतं म्हणे, मांडीला टेकवून दाबलं की झालं. आपल्याकडे ते सहजी हाती लागत नाही, म्हणून डॉक्टरांनी काचेची कुपी आणि सिरिंज लिहून दिली. मला आणि सुनेला समोर बसवून शिकवलं. सिरिंजमध्ये पाणी भरून मोसंबीला टोचायला लावलं. सुनेचा हात धीट, माझी मोसंबी दोनदा टेबलाखाली गेली! ह्यांच्यासाठी अर्धा मिली ठरवून दिलाय, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, वेळ आली तर कपड्यावरूनसुद्धा. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा. आणि पहिला दिला की लगेच १०८ला फोन, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी बसायचं नाही. कुपी उजेडात आणि उन्हात ठेवायची नाही, औषध तांबूस दिसलं तर टाकून द्यायची. संपायची तारीख मी कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवल्ये, संकष्टीच्या खाली.

ती खाज थांबवायची गोळी असते ना, तीही आहे. पण गांधी आणि खाज यापलीकडे तिचं काम नाही. घसा आवळत चालला असताना गोळी देऊन वाट बघत बसणं म्हणजे वेळ घालवणं. आणखी एक सांगते, भाऊजींनाही रक्तदाबाची गोळी आहे म्हणून. त्यात बीटा ब्लॉकर म्हणून एक जात असते. ती चालू असली तर अशा वेळी अ‍ॅड्रेनलिन हवं तसं लागू पडत नाही. ह्यांची डॉक्टरांनी बदलून दिली. आपल्या मनाने बंद मात्र करायची नाही हो, नाहीतर भाऊजी आजच खिडकीतून फेकून देतील.

मला राग कशाचा येतो सांगू? लोकांना हे सगळं नाजूकपणा वाटतो. कुणाला साप चावला तर कुणी म्हणत नाही, ‘सोसायला शीक.’ माशी चावली की हसतात. आणि ह्यांनाही तेच वाटतं! पोळं दिसल्यावर स्वतः स्टूल घेऊन बघायला निघाले होते. मी स्टूलच गोठ्यात नेऊन ठेवलं.

पण त्या माश्यांवर बारीक लक्ष ठेवलंय मी, दुरून. एखादी बेड्याच्या त्या जुन्या काठीवर येऊन बसते, मागे मागे सरकत लाकूड कुरतडते. कान दिला तर बारीक कुरकुर ऐकू येते. ती गेल्यावर काठीवर बोटाच्या पेराएवढी पांढुरकी रेघ उरते. तो भुसा लाळेत मळून त्याचा कागद करतात, पोळं सगळं कागदाचं. आमचा भाचा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो ना, तो सांगत होता, रेओम्यूर म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ होता, त्याने १७१९ मध्ये यांच्याकडे बघूनच म्हटलं होतं की लाकडापासून कागद करता येईल. तेव्हा तिकडे कागद चिंध्यांचा व्हायचा.

गणपतीत भाचा आला होता, तेव्हा त्यानेच पोळी ओळखून दिली. पडवीच्या वळचणीला ते उघडं, छोटं, देठावर लोंबणारं आहे ना, त्या बारीक तांबूस माश्या वेगळ्या. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेतल्या राघवेंद्र गदगकरांनी त्यांच्यावर कितीतरी वर्षं काढलीत. त्यांची राणी म्हणे अगदी गरीब, कुणाशी भांडत नाही, कुणावर डाफरत नाही, तरी अंडी घालायचा मान तिचा एकटीचा. आमच्या सासूबाई तशाच होत्या, आवाज म्हणून चढवला नाही आणि किल्ल्या म्हणून सोडल्या नाहीत.

भिंतीतल्या त्या मोठ्या. काळ्या कुळकुळीत, पोटावर एकच पिवळा पट्टा. त्या या छोट्यांच्या पोळ्यावर दरोडा घालतात. परवा बघितलं मी. एक मोठी येऊन बसली आणि खण उकरून आतल्या अळ्या ओढून खायला लागली. घरच्या छोट्या सगळ्या बाजूच्या वाशावर जाऊन नुसत्या बघत बसल्या. मला वाईट वाटलं हो. पण डंख त्याही मारतात, तेव्हा ते पोळंही काढायचंच. ह्यांच्या अंगाला कुठली गांधील सोसेल याची परीक्षा मी घरी घेणार नाही.

आणि खिडकीच्या चौकटीवर मातीची बुटकुली आहेत ती कुंभारीण माशीची, ती मी राहू देणार. ती एकटी असते, घर राखायला अंगावर येत नाही. कीर्तनात बुवा सांगतात ना, ती अळी धरून आणते, तिच्याभोवती गुणगुणते आणि ध्यासाने अळीची कुंभारीण होते? भाच्याने एक बुटकुलं फोडून दाखवलं. आत हिरव्या अळ्या लुळ्या पडलेल्या, जिवंत पण हलेनात, आणि वर बारीक धाग्याला एक अंडं टांगलेलं. पिल्लाची शिदोरी ती! बुवांना सांगू नका, दृष्टांत चांगला आहे.

तर आता ऐका. चिपळूणहून माणूस येतोय, औषध मारणारा, त्याचा तो पांढरा झगा आणि जाळीची टोपी घेऊन. पंधराशे म्हणाला. हे म्हणतात, माशा मारायचे पंधराशे? मी म्हटलं, दवाखान्याचं बिल कपाटात आहे, काढून वाचा. तो अंधार पडल्यावरच काम करणार, कारण रात्री सगळ्या घरी असतात आणि उडत नाहीत. उजेडावर मात्र झेपावतात, म्हणून तुमच्या पडवीतला दिवा त्या वेळी बंद ठेवा आणि खिडक्या लावून घ्या. भोकात औषध फुंकून ठेवणार. ते परांचीचं भोक, बांधणाऱ्यांनी बुजवलंच नव्हतं. आमचा गवंडी म्हणाला, आत्ताच सिमेंट भरतो. भरशील रे, पण जिवंत माश्या दुसरी वाट शोधत न्हाणीघरात निघाल्या तर? सगळ्या मेल्याची खात्री झाल्यावर सिमेंट.

हे तोवर दापोलीला धाकट्या बहिणीकडे. काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी लगेच आणणार नाही, बाहेर राहिलेल्या चार-दोन माश्या घर शोधत घिरट्या घालतात. कुपी त्यांच्याबरोबर जाईल आणि सूनही. बहिणीला सुई बघून घेरी येते.

तुमच्याकडे दोनच मागणी. एक, बांगडे साफ करता ते जरा विहिरीच्या अंगाला करा, गडग्यापाशी नको. आम्हीही खातो, नावं ठेवत नाही, पण मोठ्या गांधिली मासळीच्या वासाला येतात. ते पिकून पडलेले पेरूही उचलायला हवेत. ते झाड आमचं, ते मी बघते.

दुसरी मागणी भाऊजींची. त्यांना काहीतरी काम दिल्याशिवाय स्वस्थ बसवणार नाही. त्या माणसाला रस्त्यावरून बेड्यापर्यंत आणायचं आणि काम होईपर्यंत त्याच्या गाडीजवळ थांबायचं, एवढं सांगा. रिक्षा तयार ठेवा म्हणावं, त्याला काही झालं तर. बॅटरी चालेल, पण जमिनीकडे धरून. आणि ती पेट्रोलची बाटली तुम्ही आजच त्यांच्या स्कूटरमध्ये ओतून टाका.