चाकणचा फिरंगी

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक ब्रिटिश राहतात. गाव कराडच्या अलीकडे, नाश्त्याला पोहे, रात्री ताकभात. इंग्रजी बोलताना 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकाच पद्धतीने ओठ दुमडून काढतात. तरी ते ब्रिटिश आहेत, कारण त्यांच्याकडे ट्रायम्फ आहे.

२०२३च्या जुलैपर्यंत ते आपल्यासारखेच होते. चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला, पावणेसातला कोपऱ्यावरून कंपनीची बस, बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून झोप. २७ जूनला लंडनमध्ये ट्रायम्फ स्पीड ४०० या मोटरसायकलचं अनावरण झालं, ते त्यांनी त्या बसमध्ये जागं राहून मोबाईलवर पाहिलं. ५ जुलैला भारतातली किंमत जाहीर झाली. एक्स-शोरूम २ लाख ३३ हजार, पण पहिल्या दहा हजार गिऱ्हाइकांना २ लाख २३ हजार. दहा हजार रुपये सुटतायत म्हटल्यावर आतला कराडकर जागा झाला आणि त्याने बुकिंग करून टाकलं. इंग्रज नंतर आला.

हा नमुना एकटा नाही, पुण्यात असे बरेच आहेत. वय पंचेचाळीसच्या आसपास, घराचं कर्ज फिटत आलेलं, मुलगी दहावीत. म्हणजे घरात आवाज चढवायची सोय नाही. तो मग सायलेन्सरमधून काढायचा. बुलेट घ्यावी तर गल्लीतल्या दूधवाल्याकडेही आहे. फार मोठी घ्यावी तर वहिनी आकडा ऐकून माहेरी फोन लावणार. त्या दोहोंच्या मधल्या फटीत ही ब्रिटिश मंडळी वसलेली आहेत.

ते गाडीला गाडी म्हणत नाहीत. "मॉडर्न क्लासिक" म्हणतात. कंपनीचाच शब्द आहे तो. म्हणजे काय, असं मी पहिल्याच दिवशी पार्किंगमध्ये विचारलं. "दिसायला जुनी, आतून नवी." मला साजूक तुपातला डाएट शिरा आठवला, पण पेढा हातात होता म्हणून बोललो नाही.

मग त्यांनी मला गाडी दाखवली. गाडी दाखवणं हा या लोकांचा मुख्य व्यवसाय. चालवणं हा जोडधंदा. गुडघ्यावर बसून त्यांनी इंजिनावरच्या आडव्या फिन्सवरून बोट फिरवलं. एखादा शास्त्रीबुवा पोथीच्या ओळीवरून फिरवील तसं. "पूर्वी इंजिन वाऱ्यावर थंड व्हायचं, त्यासाठी या असायच्या."

"मग हा पुढे रेडिएटर कशाला?"

"ही लिक्विड कूल्ड आहे."

"मग फिन्स कशाला?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग पिवळ्या फडक्याने त्या फिन्सवरची नसलेली धूळ पुसत म्हणाले, "त्याशिवाय शोभेल का हो?"

हे खरं आहे, आणि या घराण्यात ते परंपरेने चालत आलेलं आहे. हिची थोरली बहीण बॉनव्हिल. तिचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, तेव्हा कंपनीने त्या नव्या यंत्राला बाहेरून जुन्या कार्ब्युरेटरचाच आकार दिला. दात गेल्यावर कवळी बसवावी आणि तीही मुद्दाम किंचित पिवळट करून घ्यावी, म्हणजे लोकांना खरी वाटावी, त्यातला प्रकार. ही गोष्ट साहेबांनीच मला अभिमानाने सांगितली. स्वतः ते केसांना कलप लावतात, पण कानाजवळ दोन बोटं पांढरे ठेवतात. आता मला त्यामागचं तंत्र कळलं.

इतिहास ते लिफ्टमध्ये सांगतात. तळमजला ते तिसरा मजला एवढ्यात ट्रायम्फचा सगळा इतिहास बसत नाही, त्यामुळे दार अडवून उरलेला सांगावा लागतो. कॉव्हेंट्रीला ही कंपनी काढणारा झिगफ्रीड बेटमान न्यूरेंबर्गचा, म्हणजे चक्क जर्मन. पहिली मोटरसायकल १९०२ची. बॉनव्हिल १९५९ची, नाव अमेरिकेतल्या युटाच्या मिठागरावरून, कारण तिथे वेगाचे विक्रम होतात. 'द ग्रेट एस्केप' या १९६३च्या सिनेमात स्टीव्ह मॅक्वीन जर्मनांची मोटरसायकल पळवतो, ती जर्मनांचा वेश चढवलेली ट्रायम्फच, आणि तारांच्या कुंपणावरून ती प्रसिद्ध उडी मारणारा मॅक्वीन नव्हेच, बड एकिन्स नावाचा त्याचा दोस्त. जर्मनाने काढलेली ब्रिटिश गाडी, सिनेमात जर्मन झालेली, नायकाच्या जागी दुसराच बसलेला. आमचे कराडचे ब्रिटिश या कुळात कुठेच खटकत नाहीत.

त्या इतिहासातला मला सर्वांत आवडलेला भाग बिल्डरचा. ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना डबघाईला आला, कामगारांनी सहकारी तत्त्वावर काही वर्षं चालवून पाहिला, १९८३ला बंद पडला. तेव्हा ट्रायम्फचं नाव विकत घेतलं जॉन ब्लोर नावाच्या, घरं बांधणाऱ्या माणसाने. पुण्यात बिल्डरने बंद कारखाना घेतला की पुढे काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. हा गृहस्थ मात्र हिंकलीला नवा कारखाना काढून खरोखर मोटरसायकली बनवायला लागला! मी तीन वेळा विचारलं, "नक्की बिल्डरच ना?" पुढे कळलं, मेरिडनच्या जुन्या जागेवर अखेर घरंच उभी राहिली आणि तिथल्या एका गल्लीचं नाव बॉनव्हिल क्लोज आहे. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

जुन्या ब्रिटिश गाड्यांची मोठी ख्याती म्हणजे ऑइल गळणं. इंजिनाचा खालचा डबा उभा चिरलेला, दोन अर्धे एकमेकांना जोडलेले, सांधा थेट तळापर्यंत. तेल खाली ओघळणारच. गाडीखाली डाग दिसला नाही तर इंजिनात तेल संपलंय असं समजावं, अशी तिकडच्या लोकांचीच चेष्टा आहे. नवी गाडी एक थेंब गाळत नाही, याचं साहेबांना मनातून वाईट वाटतं. श्रावणातल्या एका सकाळी ट्रायम्फखाली रुपयाएवढा काळा डाग दिसला. वॉचमनने इंटरकॉम केला. साहेब बनियनवर खाली आले, डाग बोटाला लावला, वास घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नातू झाल्यासारखा आनंद पसरला. फोटो काढले. तासाभराने पाटलांच्या सुनेची स्कूटर तिथे रात्री लावली होती असं निष्पन्न झालं. साहेब दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

रविवारच्या राइडबद्दल फार लिहीत नाही. पहाटे साडेपाचला अख्खी बिल्डिंग उठवून निघायचं, ताम्हिणीत जायचं, परवडणारा चहा सोडून न परवडणारी कॉफी प्यायची आणि दहाला मिसळ खाऊन परतायचं, हे सगळ्याच दुचाकी संप्रदायांत सारखं. जाकिटाचं मात्र सांगतो. मेण चढवलेलं जाड सुती जाकीट इंग्लंडातल्या भुरभुर पावसासाठी निघालं. ताम्हिणीतल्या जुलैच्या पावसाला हे कोणी कळवलेलं नव्हतं. साहेब परतले तेव्हा जाकीट पाच किलोचं झालं होतं आणि त्यावर माणगावच्या टपरीवरून घेतलेला निळा प्लास्टिकचा रेनकोट होता. पाठीवर एका खताच्या कंपनीचं नाव.

सूट हे दुसरं प्रकरण. डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड म्हणून एक जगभर चालणारा प्रकार आहे. २०१२मध्ये सिडनीत सुरू झाला. जुन्या वळणाच्या मोटरसायकलींवर सूट-टाय घालून फिरायचं आणि प्रोस्टेट कॅन्सरच्या संशोधनासाठी, पुरुषांच्या मनाच्या आरोग्यासाठी पैसे गोळा करायचे. काम चांगलं आहे, मी पाचशे रुपये दिले. अडचण एवढीच, की ही राइड असते मे महिन्यात. इंग्लंडात तेव्हा वसंत असतो.

लग्नातला सूट बाहेर निघाला. कोटाचं मधलं बटण आणि त्याचं काज यांच्यात सोळा वर्षांत चार बोटांचा दुरावा आला होता. वहिनींनी टाय बांधून दिला, रुमालाने कपाळ टिपलं आणि म्हणाल्या, "बोहल्यावर उभे होतात तेव्हासुद्धा इतका घाम नव्हता हो आला!" चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराने हात केला. कागदपत्रं मागितली नाहीत. एवढंच विचारलं, "नवरदेव, वरात मागं राहिली का?"

घरी त्यांचे वडील आहेत, नाना. वय ऐंशीला टेकलेलं, ऐकू कमी, बोलणं खणखणीत. राइड कशासाठी होती हे त्यांना मोठ्याने समजावून सांगितलं. ते म्हणाले, "माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रिक्षाने गेलो होतो."

हे नाना म्हणजे या साम्राज्याला पडलेलं खिंडार. ते ट्रायम्फकडे पहिल्यांदा आले ते काठी टेकत, आणि एक फेरी मारून विचारलं, "किक कुठाय?"

"नाही नाना. सेल्फ स्टार्ट."

"आणि बॅटरी उतरली तर?"

याचं उत्तर हिंकलीतही नसावं. नाना पुढे म्हणाले, "कुठं बनते ही?"

"डिझाइन इंग्लंडचं."

"बनते कुठं?"

साहेब हळूच म्हणाले, "चाकणला."

"कोण बनवतं?"

आता पार्किंगमध्ये आम्ही सहाजण होतो, त्यामुळे खोटं बोलणं शक्य नव्हतं. "बजाज."

नानांचा चेहरा उजळला. १९७९ साली, साहेबांच्या बारशाच्या आठवड्यात, नानांनी चेतकचं बुकिंग केलं होतं. स्कूटर दारात आली तेव्हा बारशाचं बाळ दुसरीत होतं. तो काळच तसा होता, परवान्यांचा. ती स्कूटर नानांनी एकवीस वर्षं वापरली, अजूनही तिच्या पासबुकाएवढ्या सर्व्हिस-पुस्तिकेला कपाटात जागा आहे. "म्हणजे आपल्या आकुर्डीवाल्यांचीच!" नाना म्हणाले. "मग टिकेल." आणि स्कूटर सुरू करायच्या जुन्या सवयीने हँडल धरून गाडी एका अंगाला तिरपी करायला लागले. पावणेदोनशे किलो. आम्ही सगळे धावलो.

त्या दिवसापासून साहेब पार्किंगमध्ये 'ब्रिटिश' हा शब्द जरा जपून वापरतात. त्यात त्यांचा दोष नाही. ब्रिटिश गाड्यांची सगळीच वंशावळ आता इकडे वळली आहे. रेडिचची एन्फिल्ड १९५५पासून मद्रासला नांदते आहे आणि माहेर कधीच मोडलं. नॉर्टन २०२०मध्ये टीव्हीएसने घेतली. बीएसए महिंद्रांच्या घरात. साहेबाचा देश दूरच राहिला, त्याच्या मोटरसायकली तेवढ्या इकडे बिऱ्हाड करून आहेत.

शुक्रवारी साहेब बस सोडून ट्रायम्फवर ऑफिसला जातात. येताना चाकणचा तळेगाव चौक लागतो. १६६०मध्ये शाहिस्तेखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळपास दोन महिने लढवला. शुक्रवारी संध्याकाळी त्या चौकात सापडलेल्या माणसाला या मुदतीचं विशेष काही वाटत नाही. पुढे कंटेनर, मागे कांद्याचा ट्रक, रेडिएटरचा पंखा नडगीवर गरम हवा सोडतोय, आणि या गाडीचे आरसे हँडलच्या दोन्ही टोकांना, बैलाच्या शिंगांना गोंडे बांधावेत तसे. रिकाम्या रस्त्यावर ते फार देखणे दिसतात. रिकामा रस्ता तेवढा मिळत नाही.

अशाच एका शुक्रवारी शेजारी स्प्लेंडरवर एक पोरगा येऊन थांबला. गळ्यात कंपनीचं कार्ड, पायात सेफ्टी शूज. त्याने गाडी खालीवर पाहिली. साहेब मनातल्या मनात तयार झाले: झिगफ्रीड बेटमान, न्यूरेंबर्ग, १९०२.

"काका, टाकी जमलीय ना नीट?"

"अं?"

"माझा भाऊ लाइनवर असतो. टाकी तोच बसवतो. ही कुठल्या महिन्यातली?"

साहेबांनी हेल्मेटची काच वर केली. महिना सांगितला. पोराने बोटांवर हिशेब केला. "तेव्हा त्याची फर्स्ट शिफ्ट होती. त्यानंच बसवली असंल बघा." आणि पुढचा कंटेनर हलल्याबरोबर तो निघूनही गेला.

हे मला साहेबांनी स्वतः सांगितलं, लिफ्टचं दार अडवून. सांगताना ते टाकीच्या सांध्यावरून अंगठा फिरवल्यासारखं हवेत करत होते. क्वालिटीतला माणूस, चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या फिटिंगमधले दोष काढण्यात गेलेली. "एक मिलीमीटर फरक नाही हो," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंना. मी फीलर गेज लावून पाहिलंय."

तेव्हा वाचकहो, सिग्नलला असे कोणी दिसले तर "नवीन बुलेट का?" असं विचारू नका. अ‍ॅव्हरेजही विचारू नका, तिसाच्या आसपास देते. आणि डाव्या बाजूने स्कूटर घुसवताना तेवढा आरसा सांभाळा. गेल्या महिन्यात दुसरा गेला.