औषधापुरतं

आमच्या घरात कधी कोणी नटलं नाही. बाबा मानेवर पावडर लावायचे ती घामोळ्यांसाठी. आई काजळ घालायची ते डोळे थंड राहावेत म्हणून. काकू मेंदी थापून सबंध रविवार डोक्याला फडकं बांधून बसायची, कारण तिला उष्णतेचा त्रास होता. मेंदीचा रंग केसांवर चढायचा तो केवळ तिच्या नाइलाजानं. चेहऱ्याला साय चोळली जायची ती थंडीत त्वचा फुटते म्हणून, आणि मे महिन्यातही चोळली जायची ती बहुधा पुढच्या थंडीची तयारी म्हणून. न्हाणीघरातल्या अरुंद फळीवर रंगीत, सुवासिक, झाकणावर हसऱ्या बाईचं चित्र असलेल्या इतक्या डब्या-बाटल्या होत्या. तरी आमच्या लेखी ती फळी म्हणजे दवाखान्याचीच एक शाखा होती. कोणी विचारलंच तर सांगायला प्रत्येक बाटलीच्या नावावर एकेक दुखणं तयार असे.

मराठी मध्यमवर्गाच्या घरात सुख कधी एकटं येत नाही. एकटं आलंच तर त्याला उंबऱ्याबाहेर उभं करून चौकशी होते: कोण तुम्ही, कशासाठी आलात, किती दिवस राहणार? तेच औषधाचं बोट धरून आलं, देवाच्या मागून आलं, किंवा 'एकावर एक फुकट होतं' असं म्हणत आलं, की त्याला पाट मांडला जातो. ही आमच्या घरची खास लबाडी आहे अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती, आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. पुढे कळलं की या लबाडीत सरकार सामील आहे, न्यायालयं सामील आहेत, आणि त्यांनी ती आमच्यापेक्षा फार शिस्तीनं चालवली आहे.

विकोचीच गोष्ट घ्या. केशव विष्णू पेंढरकरांनी 1952 साली परळला घरगुती प्रमाणात सुरू केलेला हा उद्योग. पुढे त्यांची हळदीची क्रीम आली आणि सिनेमागृहांतल्या जाहिरातींत हळद लागलेली, लाजून चूर झालेली नवरी दिसू लागली. त्या जाहिरातीत रुग्ण कुठे दिसल्याचं मला आठवत नाही. पण ही क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खातं आणि कंपनी यांचं भांडण जुंपलं, ते वर्षानुवर्षं चाललं आणि थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल कंपनीच्या बाजूनं लागला: औषध. तेव्हाच्या अबकारी दरसूचीत औषधं प्रकरण 30 मध्ये येत आणि सौंदर्यप्रसाधनं 33 मध्ये. मधली दोन प्रकरणं होती खतांची आणि रंगांची. म्हणजे दुखणं आणि नटणं यांच्यात कायद्यानं अंतर ठेवलं होतं ते एक पोतं खत आणि एक डबा रंग एवढंच. आईनं हे वाचलं असतं तर ती म्हणाली असती, "मग मी काय वेगळं सांगत होते?"

खोबरेल तेलाचं प्रकरण तर याहून गोड. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल हे खाद्यतेल मानायचं की केसांचं तेल, हा प्रश्न कितीएक वर्षं या न्यायासनाकडून त्या न्यायासनाकडे फिरत राहिला. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाटलीवर केसांचं तेल असं म्हटलेलं नसेल, तर बाटली केवळ लहान आहे म्हणून तिला केशतेल ठरवता येणार नाही, ते खाद्यतेलच. वेणी घालण्याआधी आईनं माझ्या टाळूवर ओतलेलं, भांगातून ओघळून कानामागे थबकलेलं, शाळेच्या पट्ट्यासकट दप्तर तुळतुळीत करणारं ते सगळं तेल कायद्यानं स्वयंपाकघरातलं होतं. आम्ही मुली रोज सकाळी फोडणीच्या तयारीनिशी शाळेत जात होतो.

आणि 2017 साली जीएसटी आला तेव्हा तर सरकारनं सुखांची प्रतवारीच लावून दिली. कुंकू, टिकली, आळता, डबीतलं काजळ यांवर शून्य कर. तेच काजळ पेन्सिलीत भरलं की 18 टक्के. आणि लिपस्टिकवर सुरुवातीला 28. ही यादी कोणा अर्थतज्ज्ञानं केली असेल असं मला वाटत नाही. दिल्लीतल्या कुठल्याशा कचेरीत एखादी जाणती आजी बसवली असणार. डबीतलं काजळ बोटानं लावतात, ते संस्कारात बसतं. पेन्सिलीनं मात्र रेघ नेमकी ओढता येते, कोपऱ्यात हलकेच वर वळवताही येते, आणि वळवलेल्या रेघेला कोणत्या दुखण्याच्या नावावर घालणार? लिपस्टिकचं तर बोलायलाच नको. तिच्या बाजूनं साक्ष द्यायला एकही आजार कधी पुढे आला नाही.

खरं तर लिपस्टिकनंही एकदा सबब शोधली होती, आणि तीही साधीसुधी नव्हे. श्रीमंत घरांतल्या बायका परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन उधळतात म्हणून पंडित नेहरूंनी जे. आर. डी. टाटांना देशी प्रसाधनं काढायला सुचवलं, अशी कथा सांगतात. त्यातून लॅक्मे जन्मली, 1952 सालीच, म्हणजे परळच्या त्या हळदीच्या उद्योगाबरोबरच. नाव घेतलं पॅरिसच्या रंगभूमीवर 1883 मध्ये आलेल्या एका ऑपेराचं, आणि त्या ऑपेराची नायिका हिंदुस्थानातल्या पुजाऱ्याची मुलगी. औषध नाही, देव नाही, निदान देशाची गंगाजळी तरी! ओठ रंगवणं हे राष्ट्रकार्य ठरलं, तरी आमच्या गल्लीपर्यंत ही बातमी काही पोचली नाही. गल्लीत लिपस्टिक लावणारी एकच बाई होती, आणि तिनं परकीय चलन वाचवल्याबद्दल तिचे आभार कोणी मानले नाहीत.

धर्माच्या आडून येणारं सुख मात्र राजरोस येई. नरक चतुर्दशीला सूर्योदयाआधी अभ्यंगस्नान केलं नाही तर नरकात जावं लागतं, असं आम्हाला सांगितलं होतं. चांगला वास घ्या, नाहीतर परिणाम भोगा, अशी धमकी देणारा दुसरा सण मला माहीत नाही. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, संत्र्याची वाळवलेली साल असं सगळं आठवडाभर आधी कुटून चाळून ठेवलेलं असे. ते उटणं खरखरीत हातांनी पाठीवर चोळलं जाताना आधी अंग आक्रसायचं आणि मग हळूहळू, तिळाच्या तेलाची ऊब मुरत जाईल तसं, जगावरचा सगळा राग ओघळून जायचा. नंतर तो गोल, जाडजूड मोती साबण. छोट्या मुठीत तो मावायचा नाही, हातातून निसटून मोरीत जायचा आणि अंधारात गुलाबाच्या वासाचा माग काढत त्याला शोधावं लागायचं. वर्षातून एकदाच मिळणारी ही चैन, आणि तीही पायाखाली कारीट फोडून, एका राक्षसाचा वध करून झाल्यावर.

फुलांचंही तसंच. दादरच्या फुलबाजारातून आणलेला पुडा आधी देवापुढे जाई. देव बिचारा दोन-चार मोगऱ्यांवर समाधान मानी आणि उरलेला गजरा 'आता टाकायचा कुठे' या प्रश्नाचं उत्तर म्हणून आईच्या अंबाड्यावर चढे. अख्खा पुडा देवासाठी, आणि वास मात्र संध्याकाळी भाजी चिरणाऱ्या आईच्या मानेला. देवालाही हे माहीत असणार. तो काही बोलत नसे.

पुरुषांना या सबबी कमी लागत, कारण त्यांचं नटणं नटणं म्हणून मोजलंच जात नाही. न्हाव्याकडे दाढी, मग तुरटी, मग चंपी, मग मानेवर दोन चापट्या, आणि डोळे मिटून खुर्चीत विरघळलेला तो गृहस्थ घरी येऊन सांगतो, "गर्दी होती." अत्तराचा फाया कानात ठेवणारे आमचे एक शेजारी मात्र खरे शूर. त्यांनी कधीच कारण सांगितलं नाही.

आमची पुढची पिढी यातून सुटली असेल असं मला वाटलं होतं. भाचीच्या टेबलावर आता काचेच्या तपकिरी बाटल्या आहेत, प्रत्येकीला कानात औषध घालायचा असतो तसा ड्रॉपर. नायसिनमाइड 10 टक्के, हायल्युरॉनिक आम्ल 2 टक्के, सनस्क्रीन एसपीएफ 50. कशाला वास नाही, रंग नाही, झाकणावर बाई नाही. रात्री ती हे सगळं ठरलेल्या क्रमानं, दोन थरांमध्ये नेमका वेळ सोडून लावते आणि आरशात गंभीरपणे बघते. मी म्हटलं, "छान दिसतेस हो." ती म्हणाली, "मावशी, दिसण्यासाठी नाहीये ते. स्किन बॅरियर रिपेअर करतेय." मला माझी आई आठवली, काकू आठवली, अबकारी दरसूचीचं प्रकरण 30 आठवलं. घराणं सुरक्षित हातांत आहे.

पण या सगळ्या सबबींवर मी हसायला लागते तेव्हा थोरली आत्या आठवते आणि हसू जरा बेतानं येतं. ती फार लवकर विधवा झाली आणि आमच्याकडेच राहिली. घरातले सगळ्यात सुबक गजरे तीच करायची. मोगरा, मधेच अबोली, पुन्हा मोगरा. बोटं न बघता चालायची. देवासाठीच्या फुलांचा वास घ्यायचा नसतो, म्हणून करताना मान थोडी मागे घ्यायची. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका यायच्या आत डाळ वाटून, पन्हं करून, गजरे ओल्या फडक्यात गुंडाळून ती माजघरात निघून जाई. बाहेर गुलाबपाणी शिंपडलं जाई, मनगटांवर अत्तर लागे, हसणं ऐकू येई. धर्माच्या वाटेनं येणारी सगळी सुखं तिच्यासाठी एका दिवसात बंद झाली होती. औषधाची वाट तेवढी कोणी अडवली नव्हती, कारण ती अडवायचं कोणाला सुचलंच नाही.

तिच्याकडे कैलास जीवनची बाटली असायची. तळपायांची आग होते, हे कारण. दिवे मालवले की ती बाटली उघडायची आणि कापराचा, चंदनाचा थंडगार वास खोलीभर पसरायचा. आधी तळपाय, मग टाचा, मग कोपरं, मग मनगटं, मग मान, आणि शेवटी कपाळ. तळपायांची आग कपाळापर्यंत कशी पोचते हे आम्ही मुलांनी तिला कधी विचारलं नाही. बाटली संपली की बाबा न सांगता दुसरी आणायचे. आग कमी झाली का, असं त्यांनीही कधी विचारलं नाही. एकदा ते चंदनाचा साबण घेऊन आले, म्हैसूरचा, लांबट गोल. (हा साबणही तसा सबबीतूनच जन्मलेला. पहिल्या महायुद्धात म्हैसूर संस्थानचं चंदन परदेशी जाईना, पडून राहिलं, तेव्हा त्याचं तेल काढायचं ठरलं आणि तेलामागून साबण आला.) आत्यापुढे ठेवत बाबा म्हणाले, "अक्का, हा तुझ्यासाठी. डॉक्टरांनी सांगितलाय."

"कोणत्या डॉक्टरांनी?"

"आपल्याच."

आमचे डॉक्टर खोकल्याच्या लाल औषधापलीकडे काही देत नसत, हे दोघांनाही ठाऊक होतं. आत्यानं साबण उलटसुलट करून पाहिला, वेष्टनाचा वास घेतला, मान मागे न घेता, आणि म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर वापरायलाच हवा." वेष्टनाचा कागद तिनं पातळांच्या घडीत ठेवला. कसर लागत नाही म्हणे.

तिला सबब लागायची, कारण तिच्यासाठी एवढं एकच दार उघडं होतं, आणि बाबांनी ते आणखी थोडं उघडून दिलं. तुमच्या-माझ्यावर तशी वेळ नाही. तेव्हा येत्या दिवाळीत घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईसाठी साबण न्याल, अत्तर न्याल, एखादी सुवासिक क्रीम न्याल, तर कृपा करून डॉक्टरांचं नाव सांगू नका. 'वास छान आहे म्हणून आणला' एवढंच म्हणा. त्या 'कशाला उगाच खर्च' म्हणतीलच. ते मनावर घेऊ नका, आणि संपला की दुसरा न्या.