एक नग रुग्ण, पोच द्यावी

जयगडच्या बंदरात कोळसा उतरतो तो थाटात. किती टन भरला, किती टन उतरला, कोणी मोजला, सगळं सहीशिक्क्यानिशी. खाडीपलीकडे तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीत मोटरसायकल चढवली तरी तिकीट फाटतं. एसटीचा कंडक्टर वेबिलाचा हिशेब दिल्याशिवाय घरी जात नाही.

बिनपावतीचा माल एकच. माणूस.

समजा, जयगडातल्या एका आजोबांच्या छातीत कळ आली. 108 ची रुग्णवाहिका येते. महाराष्ट्रात 2014 साली ही सेवा 937 गाड्यांनिशी सुरू झाली, आणि तिचं वैशिष्ट्य असं की गाडीत डॉक्टर असतो. रत्नागिरीपर्यंतच्या चाळीसेक किलोमीटरांत तो नाडी पाहतो, प्राणवायू लावतो, गोळी देतो. म्हणजे आजोबांची इत्थंभूत माहिती असलेला माणूस थेट रुग्णालयाच्या दारापर्यंत येतो. मग दारात काय होतं? एक स्ट्रेचर ओढतोय, दुसरी खाट शोधतेय, तिसरा आधार कार्ड मागतोय, आणि या गलक्यात गाडीतला डॉक्टर म्हणतो, "छातीत दुखत होतं, बीपी कमी होतं, आता बरंय." 'होतं' म्हणजे किती वाजता? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे त्या वेळेवर ठरतं. पण घड्याळ गाडीबरोबर पुढच्या कॉलला निघालेलं असतं.

डिसेंबर 2024 मध्ये जयगड बंदराजवळच्या शाळेतली मुलं वायुगळतीने त्रासून रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात आली. अशा दिवशी पहिला प्रश्न असतो, वायू कोणता? त्याचं उत्तर मुलांच्या दप्तरात सापडत नाही.

रुग्णाबरोबर त्याची माहितीही हातोहात पोचावी, यासाठी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाने चक्क फेरारीच्या शर्यतवाल्यांना गाठलं. हृदयशस्त्रक्रियेनंतर मूल अतिदक्षता विभागाच्या हवाली करताना कोणी काय करायचं, कोणी कधी बोलायचं, हे चाकं बदलणाऱ्या मंडळींकडे पाहून ठरवलं. चुका घटल्या आणि 2007 साली तसा अभ्यासही छापून आला. ब्रिटनमधले रुग्णवाहिकावाले वय, वेळ, काय घडलं, कुठे लागलं, नाडी-रक्तदाब, काय उपचार केले, अशा ठरलेल्या क्रमाने बोलतात. अर्ध्या-एक मिनिटाचं काम. आपल्याकडे हे आलं तर आधी समिती नेमली जाईल, मग तीन प्रतींतला फॉर्म निघेल, आणि कार्बन पेपर संपलेला असेल.

तोवर ही यंत्रणा आजोबांची सून एकटी चालवते. हातात औषधांची कॅरीबॅग. दारातल्या डॉक्टरला, वॉर्डातल्या सिस्टरला, रात्रपाळीच्या डॉक्टरला ती तेच सांगते, "सकाळी पिवळी गोळी घेतलीन, दहाच्या सुमाराला कळ आली." 'पिवळी' म्हणजे कोणती, हे तिसऱ्या खेपेला कोणीतरी पिशवीत हात घालून पाहतं.

एवढ्यात दारातून हाक येते. 108 चा ड्रायव्हर खोळंबलाय. त्याचं स्ट्रेचर परत हवंय, मोजून.